पोटात गोळा, खिसा रिकामा: फुकटात मन सांभाळायचं कसं

पोटात गोळा येणं, घशाला कोरड पडणं, हातपाय गार पडणं, छातीत धडधडणं, हातपाय गळणं. टेन्शनबद्दल बोलताना आपण जे शब्द वापरतो ना, त्यात बघा, मन कुठेच नाहीये, सगळं शरीरच आहे. मला हे कळायला चाळिशी उजाडावी लागली, आणि कळलं ते पण अशा वेळी जेव्हा कॉन्ट्रॅक्टचं काम एका मेलवर बंद झालं होतं, मागच्या दोन महिन्यांचं पेमेंट अडकलं होतं, कर्जाचा हप्ता दारात उभा होता आणि एका काउन्सेलरकडे चौकशीला फोन केला तर फी ऐकून मी "बरं, कळवते" म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच.

मग मी आपली रात्री जागून उपाय शोधायचे. काय सापडायचं, तर सुट्टी घ्या, मसाज घ्या, अमुक ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्या, स्वतःवर खर्च करायला शिका. अहो, पैसे नाहीत हेच तर टेन्शन आहे! तर त्या सहा-सात महिन्यांत जे फुकटात जमलं, आणि नंतर वाचून जे कळलं की हे का जमलं, ते इथे सांगते. मी डॉक्टर नाही. कुठे डॉक्टरच लागतो ते पण शेवटी सांगणारे, ते वाचल्याशिवाय जाऊ नका.

आधी आतली यंत्रणा थोडी समजून घेऊ, कारण ती कळली नाही तर पुढचे उपाय म्हणजे नुसती उपदेशाची पाटी वाटते. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला, त्याचं काम धोका हुंगायचं. त्याला वास लागला की तो हायपोथॅलॅमसला कळवतो, तिथून किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना निरोप जातो आणि काही सेकंदांत रक्तात ॲड्रिनलिन येतं. हृदय जोरात पळतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं कारण आता पळायचंय किंवा हाणामारी करायचीय, मग पचनाचं काम तात्पुरतं बंद, म्हणून पोटात गोळा. लाळ कमी, म्हणून घशाला कोरड. कातडीकडचं रक्त आटतं, म्हणून हातपाय गार. म्हणजे आपले वाक्प्रचार म्हणजे अक्षरशः मेडिकल रिपोर्ट आहेत. मागून, थोड्या निवांत चालीने, कॉर्टिसॉल येतं, ते रक्तात साखरेचा पुरवठा चालू ठेवतं, म्हणजे लढाई लांबली तर इंधन हवं ना. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास या सगळ्याचं "लढा किंवा पळा" असं वर्णन केलं, ते आजही चालतं.

दुसरे संशोधक म्हणजे हान्स सेल्ये. यांनी १९३६ मध्ये "नेचर" या विज्ञानाच्या पत्रिकेत एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना त्यांनी वेगवेगळे त्रास दिले होते, कुणाला थंडीत ठेवलं, कुणाला जखम, कुणाला अतोनात व्यायाम, कुणाला औषधांचे डोस, आणि त्रास कुठलाही असो, आतून उंदरांची अवस्था तीच: ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस आक्रसलेली, पोटात अल्सर. म्हणजे शरीराला धोका कुठल्या प्रकारचा आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, सायरन एकच आहे. वाघ मागे लागला तरी तोच आणि बॉसचा "जरा बोलायचंय" असा मेसेज आला तरी तोच. फरक एवढाच की वाघाचं प्रकरण पाच मिनिटांत मिटतं, इकडे किंवा तिकडे. हप्त्याचं प्रकरण महिनोन्महिने चालतं आणि सायरन काही बंद होत नाही.

आता यातली कामाची गोष्ट. सायरन चालू असताना "शांत हो, शांत हो" असं स्वतःला सांगून काही होत नाही, कारण तो भाग तुमचं भाषण ऐकायला बसलेलाच नसतो. पण शरीराकडून मेंदूकडे बातम्या सतत जात असतात. व्हेगस नावाची एक लांबलचक नस मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसं, पोट सगळीकडे फिरते आणि तिच्यातले बहुतेक तंतू खालून वर बातम्या नेणारे आहेत. म्हणजे पुढचं दार बंद असलं तरी मागचं दार उघडं आहे. शरीराला थोडं शांत केलं की मेंदूला बातमी पोचते की बहुतेक वाघ गेलेला दिसतोय.

मागच्या दाराची किल्ली म्हणजे श्वास. हे वाचून तुम्ही मनात "झालं, आली ही प्राणायामावर" असं म्हणणार, मी पण म्हणायचे. पण एक करून बघा, आत्ता, इथेच. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं ठेवा आणि नाडी शोधा. सापडली? आता हळू श्वास आत घ्या, मग त्याहून हळू, ओठ जरा चंबू करून, मेणबत्ती हलेल पण विझणार नाही असा बाहेर सोडा, सोडत राहा. पाच-सहा वेळा केल्यावर बऱ्याच जणांना बोटाखाली कळतं की श्वास घेताना ठोके जरा भरभर पडतात आणि सोडताना रेंगाळतात. हा भास नाहीये, श्वास सोडताना व्हेगस नस हृदयाचा ब्रेक दाबते. मला पहिल्यांदा ते बोटाखाली जाणवलं तेव्हा मी वेड्यासारखी दहा मिनिटं तेच करत बसले, कारण सगळंच हाताबाहेर गेलंय असं वाटत असताना निदान एक गोष्ट तरी माझ्या ऐकण्यात होती. हृदय, पचन, घाम ही सगळी आपोआप चालणारी खाती आहेत, त्यात श्वास हे असं खातं की ते आपोआपही चालतं आणि मनात आणलं तर आपल्या हातातही येतं.

मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत साधारण मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. तो ६ च्या आसपास आणायचा, म्हणजे चार आकडे मोजत आत आणि सहा आकडे मोजत बाहेर, पाच मिनिटं. बास. आकडे जमत नसतील तर सोडून द्या, फक्त बाहेरचा श्वास लांब ठेवा. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२३ मध्ये एक प्रयोग छापला होता, त्यात नाकाने एक श्वास, त्यावर लगेच आणखी एक छोटा श्वास आणि मग लांब सोडणं, म्हणजे थोडक्यात मुद्दाम घेतलेला उसासा, असं रोज पाच मिनिटं महिनाभर केलेल्यांचा मूड नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला होता. उसासा टाकला की बरं वाटतं हे आजीला सांगायला प्रयोग लागला नसता म्हणा.

एक चूक मात्र नक्की टाळा. घाबरलेल्या माणसाला आपण "डीप ब्रीद घे, डीप ब्रीद घे" म्हणतो आणि तो बिचारा भराभर मोठे मोठे श्वास ओढायला लागतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि त्याला वाटतं आता आपण मरतोय. मोठा श्वास नकोय, हळू श्वास हवाय. "सोड, सोड, अजून सोड" असं म्हणायचं.

अंगाचं अजून एक. तुमचा जबडा आत्ता कसा आहे? खांदे कुठे आहेत, कानाजवळ? एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात हे बघून एक पद्धत काढली की एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, पाच-सात सेकंद, आणि मग एकदम सोडून द्यायचा. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत. मला सगळं शरीर करायचा कंटाळा येतो, मी फक्त मुठी, खांदे आणि जबडा करते, रांगेत उभं असताना पण होतं, कुणाला कळत पण नाही.

आता डोक्यातलं. आपल्याकडे म्हण आहे, मन चिंती ते वैरी न चिंती. आणि लोक सल्ला काय देतात, "विचारच करू नकोस." १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर त्यांना अस्वलाचा विचार करायची परवानगी दिली तर ज्यांनी आधी दाबायचा प्रयत्न केला होता त्यांच्या डोक्यात तो जास्तच आला. तेव्हा विचार हाकलायचा नाही, त्याला वेळ द्यायची, डॉक्टर देतात तशी. संध्याकाळी साडेसहा ते सात, या अर्ध्या तासात वाटेल तेवढी काळजी करायची, मनसोक्त, आणि दिवसभरात काळजी आली की तिला एका ओळीत लिहून ठेवायचं आणि म्हणायचं साडेसहाला ये. हे ऐकायला पोरकट वाटतं पण टॉम बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हीच अर्ध्या तासाची पद्धत छापली आणि तेव्हापासून थेरपिस्ट ती शिकवतात. फक्त झोपायच्या आधीची वेळ ठेवू नका. माझा अनुभव सांगते, साडेसहाला वही उघडली की दुपारी ज्या काळजीने जीव नकोसा केला होता ती वाचून कधी कधी आठवायचं पण नाही की यात एवढं काय होतं. आणि काही काळज्या मात्र रोज हजर. त्या खऱ्या.

त्या वहीबद्दल जरा सांगू दे. जुनी डायरी, मागची पानं कोरी. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे "माझ्या हातात", उजवीकडे "नाही". पहिल्या दिवशी उजवीकडे अकरा ओळी आल्या आणि डावीकडे दोन: पेमेंटसाठी परत मेल टाकणे, बँकेला फोन करून हप्ता पुढे ढकलता येतो का विचारणे. दोन ओळी, बस्स. पण या दोन ओळी मी तीन आठवडे करत नव्हते, कारण त्या अकरांच्या गर्दीत त्या दिसतच नव्हत्या. बँकेला फोन केला, सतरा मिनिटं होल्डवर गेली, आणि शेवटी दोन महिन्यांची सवलत मिळाली. मिळाली नसती तरी चाललं असतं असं मी खोटं म्हणणार नाही, पण फोन ठेवल्यावर जे हलकं वाटलं ते सवलत मिळण्याच्या आधीच, होल्डवर असतानाच वाटायला लागलं होतं.

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल बोलायचंय ते. "टेन्शन" हा शब्द. आपण सगळ्यालाच टेन्शन म्हणतो. परीक्षा असली तरी टेन्शन, कोणी बोललं नाही तरी टेन्शन, पैसे नसले तरी, आई आजारी असली तरी. हा शब्द म्हणजे मोठी गोणी आहे, आत काय भरलंय ते बाहेरून दिसत नाही आणि म्हणून उचलता पण येत नाही. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या टीमने ब्रेन स्कॅन करताना लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले, आणि त्या भावनेला नुसता शब्द निवडला, "राग", "भीती", तरी अमिग्डालाची गडबड कमी झालेली दिसली. भावनेला नुसतं नाव दिल्याने. मग आपली भाषा बघा काय काय देते आपल्याला: धास्ती, धसका, हुरहूर, घालमेल, रुखरुख, चीड, चरफड, लाज, अपमान, हेवा, हळहळ, एकटेपणा, उबग. यातला प्रत्येक शब्द वेगळा आहे आणि प्रत्येकावरचा उपाय पण वेगळा. धास्ती पुढे होणाऱ्या गोष्टीची असते, तिला माहिती लागते. रुखरुख झालेल्या गोष्टीची असते, तिथे माफी मागावी लागते किंवा सोडून द्यावं लागतं. चरफड म्हणजे राग आहे पण काढता येत नाही, तिला सरळ अंगमेहनत लागते. उबग आला असेल तर विश्रांती, आणि एकटेपणावर विश्रांती दिली तर तो वाढतोच ना.

मी एका रात्री वहीत लिहिलं, "खूप टेन्शन आहे", आणि मग स्वतःलाच विचारलं, म्हणजे नक्की काय? पैशांची धास्ती होती, पण ती दुपारची. रात्रीची जी गोष्ट होती ती वेगळी होती. बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि मग लिहिलं: लाज. काम गेलंय हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी नऊला लॅपटॉप उघडून बसायचे, भावाचा फोन आला की "हो हो, जरा बिझी आहे" म्हणायचे. पैशांची चिंता होतीच, पण मला संपवत होतं ते हे नाटक. तो शब्द लिहिल्यावर पुढे काय करायचं ते आपोआप कळलं, आवडलं नाही ते सोडा. दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही आणि मग म्हणाला, "एवढंच ना? मला वाटलं तुला काही झालंय, महिनाभर तुझा आवाज विचित्र येत होता." म्हणजे नाटक पण धड जमत नव्हतं.

लिहिण्याबद्दल अजून थोडं, कारण ते फुकट आहे म्हणून सगळे सांगतात पण नीट सांगत नाहीत. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांचा कॉलेजच्या मुलांवरचा, १९८६ मध्ये छापलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल मनातलं लिहायचं, व्याकरण गेलं खड्ड्यात. पुढच्या काही महिन्यांत त्या मुलांच्या आजारपणासाठी दवाखान्यात होणाऱ्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर असे ढीगभर प्रयोग झाले आणि सगळे मिळून बघितलं तर फायदा आहे पण लहान आहे, जादू नाही. लिहून झाल्या झाल्या उलट जास्त वाईट वाटतं हे पण लक्षात ठेवा, म्हणून लगेच झोपायला जाऊ नका. आणि एखादी भयंकर घटना अगदी ताजी असेल तर ती उकरून लिहायचा हट्ट नको, तिथे माणूस सोबत हवा.

झोप. हा मोठा विषय आहे, पण त्यातलं मुख्य एवढंच की पलंगाला जागरणाची सवय लावायची नाही. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही गोष्ट अजून झोपेच्या थेरपीचा पाया आहे: पलंगावर साधारण वीस मिनिटं झोप नाही आली (घड्याळ बघायचं नाही, अंदाजाने) तर उठायचं, दुसऱ्या जागी मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, झोप दाटली की परत. नाहीतर मेंदू शिकतो की पलंग म्हणजे काळजी करायची जागा. आणि रात्री कितीही वाजता झोपलात तरी सकाळी उठायची वेळ एकच, हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं. कॅफिन अर्धं उतरायलाच सरासरी पाच तास लागतात तेव्हा संध्याकाळचा कप कुठे जाऊन बसतो बघा. शिवाय २०१८ मध्ये ५७ तरुणांवर झालेला एक मजेशीर प्रयोग आहे, झोपायच्या आधी पाच मिनिटं ज्यांनी उद्याच्या कामांची यादी लिहिली ते, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी बारीक तपशिलाची तितकी झोप लवकर. मला वाटतं मेंदू रात्री चौकीदारासारखा वागतो, "हे विसरशील, ते विसरशील" म्हणून दार ठोठावत राहतो, लिहून दिलं की तो पण झोपतो. आणि रात्री ३ वाजता आलेल्या कुठल्याही विचारावर निर्णय घ्यायचा नाही हा माझा आता कायदाच आहे, त्या वेळी बँक बंद, ऑफिस बंद, माणसं झोपलेली, करता काहीच येत नाही, मग प्रत्येक गोष्ट डोंगराएवढी दिसणारच.

हालचाल करा, चाला, हे तुम्हाला माहितीये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम म्हणते, पण जो माणूस पलंगावरून उठत नाहीये त्याला हा आकडा सांगणं म्हणजे बुडत्याला पोहण्याच्या स्पर्धेचा फॉर्म देणं. त्यापेक्षा एक छोटी गोष्ट उलटी करून बघा. आपल्याला वाटतं मूड आला की करू. मन खचलेलं असताना क्रम उलटा चालतो, आधी करायचं, मूड मागून येतो, आला तर. थेरपीत याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात आणि ही काही दुय्यम गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये डिप्रेशन असलेल्या ४४० लोकांवर केलेली मोठी चाचणी २०१६ मध्ये छापून आली, त्यात कमी ट्रेनिंगच्या कर्मचाऱ्यांनी दिलेली ही साधी थेरपी, अनुभवी थेरपिस्टच्या महागड्या सीबीटीपेक्षा (म्हणजे विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवणाऱ्या थेरपीपेक्षा) कमी पडली नाही. गाभा काय, तर उद्यासाठी एक काम ठरवायचं, इतकं छोटं की नाही म्हणायला लाज वाटेल, वेळ पण ठरवायची आणि मन काहीही म्हणो, त्या वेळी ते करायचं. माझं पहिलं काम होतं सकाळी खिडकीचा पडदा उघडणे. हसा खुशाल. दुसऱ्या आठवड्यात ते पडदा आणि कोपऱ्यापर्यंत चक्कर झालं.

फोनबद्दल मी काही प्रवचन देणार नाही, एवढंच की वाईट बातम्या वाचत राहणं म्हणजे सायरनला दर दहा मिनिटांनी स्वतःच्या हाताने चावी देणं आहे. ठरावीक वेळी बघा आणि बंद करा. दारू पण त्याच यादीत, झोप येते लवकर पण रात्रीचा उत्तरार्ध खराब होतो आणि दुसऱ्या दिवशी घालमेल दुप्पट.

आता माणसं. झिंबाब्वेची एक गोष्ट सांगते, मला फार आवडते. तिथे डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांची एक तरुण पेशंट केवळ बसभाड्याला पैसे नव्हते म्हणून हॉस्पिटलला येऊ शकली नाही आणि तिने आत्महत्या केली. अख्ख्या देशात मानसोपचारतज्ज्ञ अगदी मोजके. मग २००६ मध्ये हरारेच्या म्बारे भागात त्यांनी १४ आज्यांना हाताशी धरलं, हो, आज्या, आणि त्यांना ऐकून घ्यायला आणि प्रश्न सोडवायला मदत करायला शिकवलं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक, बाकावर आजी, शेजारी तुम्ही. म्हणून त्याचं नाव फ्रेंडशिप बेंच. तिथल्या शोना भाषेत डिप्रेशनला जवळचा शब्द आहे "कुफुंगिसिसा", म्हणजे अति विचार करणं. आपण ओव्हरथिंकिंग म्हणतो तेच की! आजी काय करते तर सगळे प्रश्न मांडायला लावते, त्यातला एक निवडायला लावते, त्यावर एक पाऊल ठरवून पाठवते आणि पुढच्या वेळी विचारते, केलंस का. २०१६ मध्ये ५७३ लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले: सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांपैकी साधारण १४ टक्क्यांना डिप्रेशनची लक्षणं होती, नेहमीची सेवा मिळालेल्यांमध्ये ५० टक्क्यांना.

आज्यांना नुसत्या कामचलाऊ गप्पा शिकवल्या नव्हत्या, नीट प्रशिक्षण होतं, तेव्हा आपला मित्र म्हणजे थेरपिस्ट नव्हे हे मान्य. पण बाकावर होणारं अर्धं काम मित्र करू शकतो जर आपण त्याला सांगितलं की काय हवंय. बहुतेक लोक वाईट नसतात, घाबरलेले असतात, समोरचा रडायला लागला की त्यांना सुचत नाही म्हणून सल्ले देत सुटतात. तेव्हा फोन लावायच्या आधीच मेसेज टाका: "दहा मिनिटं बोलायचंय, सल्ला नकोय, फक्त ऐक." मी हा मेसेज तिघांना टाकला होता. एकाने उत्तरच दिलं नाही, एकीने तरीही सल्ला दिला, तिसरी ऐकत बसली आणि शेवटी म्हणाली, "मग त्या दोन ओळींपैकी उद्या कुठली करतेयस?" तीनात एक, वाईट नाही. आणि कुणी तुम्हाला असा फोन केला तर तेवढंच करा, ऐका आणि दोन दिवसांनी परत विचारा.

आता ते जे वाचल्याशिवाय जाऊ नका म्हटलं होतं. हे सगळं म्हणजे पडझड थांबवायचे टेकू आहेत. घरात मारहाण होत असेल, पगार बुडवला जात असेल तर लांब श्वास सोडून ते थांबणार नाही, तिथे सुटकेचा आणि हक्काचा रस्ताच शोधावा लागेल आणि "तू मन खंबीर ठेव" म्हणणाऱ्यांना खुशाल दुर्लक्षित करा. छातीत दुखतंय ते टेन्शनचंच असेल असं स्वतः ठरवू नका, तपासून घ्या. थायरॉईड बिघडला तरी धडधड, घाम, अस्वस्थता अशीच होते. आणि दोन आठवडे झाले, बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास आहे किंवा कशातच रस वाटत नाहीये, झोप-भूक बिघडलीय, रोजची कामं होत नाहीयेत, तर डॉक्टरकडे जायची वेळ झालीय. पैसे नाहीत म्हणून दार बंद असं समजू नका, सार्वजनिक हॉस्पिटलांचे मानसोपचार विभाग असतात, पुष्कळ देशांत फुकट हेल्पलाइन असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तणावाच्या काळासाठी एक चित्रांची पुस्तिका काढलीय, ऑडिओसकट, तीही पूर्ण फुकट.

मरून जावं, आपण नसतो तर बरं झालं असतं, असे विचार येत असतील तर तेव्हा एकटं राहायचं नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं, हेल्पलाइनला किंवा इमर्जन्सीला फोन करायचा, आणि इजा करता येईल अशा वस्तू कुणाला तरी आपल्यापासून लांब ठेवायला सांगायच्या. दुसऱ्या कुणाबद्दल शंका आली तर सरळ विचारा, "आत्महत्येचा विचार येतोय का?" असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं की निदान कुणीतरी तोंडाने बोललं.

आणि हे फोन नंबर त्या क्षणी शोधत बसायचे नाहीत, तेव्हा हात चालत नाहीत. एखाद्या बऱ्या दिवशी कागदावर लिहून ठेवायचे. माझ्या डायरीचं शेवटचं पान तेच आहे. भाऊ, ती ऐकणारी मैत्रीण, हेल्पलाइन, डॉक्टर. भाऊ घरी आला होता तेव्हा त्याने ते पान बघितलं, काही बोलला नाही, पेन घेतलं आणि त्याच्या नंबरपुढे त्याच्या त्या घाणेरड्या अक्षरात लिहून ठेवलं, "रात्री ३ ला पण".